सेंद्रिय खतावर हायड्रोपोनिक्स: आधी ड्रम तयार करा, मग रोपं लावा

गच्चीवर किंवा छोट्या शेडनेटमध्ये हायड्रोपोनिक्स, म्हणजे मातीविना पाण्यात शेती, करणाऱ्यांना कधी ना कधी वाटतंच, की रासायनिक ए-बी द्रावणाऐवजी (दोन भागांत मिळणारं तयार खत) गांडूळखत, पेंड, जीवामृत (शेण, गोमूत्र, गूळ, बेसन यांचं आंबवलेलं पाणी) असं काही वापरता आलं तर बरं. मग कोणी जीवामृत गाळून टाकीत ओततं, कोणी व्हर्मीवॉश, म्हणजे गांडूळखतातून पाझरलेलं पाणी, सोडतं. पहिले दोन-तीन दिवस काही बिघडत नाही. चौथ्या दिवशी पाण्यावर फेस येतो, आठवड्यात पाइपांत बुळबुळीत थर बसतो, मुळं तपकिरी होतात आणि टाकीतून कुजक्या अंड्याचा वास येतो. खत बदलून हे थांबत नाही, कारण दोष खताचा नसतो. चुकलेला असतो क्रम.

झाड मुळांवाटे नत्र घेतं ते मुख्यतः नायट्रेट आणि अमोनियम या रूपांत. पेंडीतलं नत्र मात्र प्रथिनांत अडकलेलं असतं. ते सुटायला जीवाणूंच्या दोन टोळ्या लागतात. पहिली टोळी प्रथिनं फोडून अमोनिया करते. दुसरी त्या अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करते. मातीत या दोन्ही टोळ्या आधीपासूनच असतात, नव्या टाकीत त्या नसतात. त्या वसवायच्या, त्यांना रोज थोडं खायला घालायचं आणि त्यांनी तयार केलेलं पाणी झाडांना द्यायचं, एवढीच ही पद्धत आहे.

खालची सगळी मापं एका ठरावीक मांडणीसाठी आहेत: २०० लिटरचा जीवाणूंचा ड्रम, साधारण २ मीटर लांब, ०.८ मीटर रुंद आणि १५ सेंमी पाण्याची तराफा-टाकी (तरंगत्या शीटमध्ये रोपं बसवलेली, सुमारे २४० लिटर), आणि त्यावर लेट्यूसची ४० रोपं. मांडणी लहान-मोठी असेल तर मापं त्याच प्रमाणात बदला.

## १. आधी पद्धत निवडा

पातळ पाण्याची धार वाहणारी पाइपांची पद्धत, म्हणजे एनएफटी, सेंद्रिय खतासाठी सर्वांत नाजूक. तिच्यात पाणी कमी असतं, धार बारीक असते आणि थर साचला की पुढच्या रोपांपर्यंत पाणीच पोचत नाही. ठिबकवर चालणाऱ्या बादल्या चालतील, पण १२० मेशचा डिस्क फिल्टर बसवावा लागेल आणि तो दर दोन-तीन दिवसांनी धुवावा लागेल.

सुरुवात करणाऱ्यांनी तराफा पद्धतच घ्यावी. थर्माकोलच्या जाड शीटला २० सेंमी अंतरावर भोकं पाडून त्यांत नेट पॉट, म्हणजे जाळीदार छोट्या कुंड्या, बसवायचे. पाणी जास्त असल्यामुळे चूक झाली तरी सावरायला वेळ मिळतो.

ड्रम आणि तराफा-टाकी वेगळ्या हव्यात. एकाच टाकीत पेंड आणि मुळं ठेवली की दोघांची ऑक्सिजनसाठी झटापट सुरू होते, आणि हरतात ती मुळं.

## २. सामान

- निळा किंवा काळा २०० लिटरचा ड्रम, तळाशी गाळ काढण्यासाठी तोटी. पारदर्शक ड्रम नको, शेवाळ होतं.
- मिनिटाला ४० लिटर हवा देणारा एअर पंप, चार एअर स्टोन. तीन ड्रममध्ये, एक तराफा-टाकीत.
- जीवाणूंना चिकटून बसायला सुमारे ४० लिटर भरेल इतका माल: मत्स्यपालनातले प्लॅस्टिकचे बायो-मीडिया, किंवा भांडी घासायच्या प्लॅस्टिकच्या जाळ्या, किंवा बाटल्यांची भोकं पाडलेली झाकणं. काळ्या दगडाची धुतलेली खडीही चालते, फक्त ड्रम जड होतो.
- सोयाबीन डीओसी (तेल काढून उरलेली पेंड), बारीक दळलेली, अर्धा ते एक किलो.
- चांगलं कुजलेलं गांडूळखत, अर्धा किलो.
- कोंबडी-खाद्याच्या दुकानात मिळणारा शिंपल्यांचा चुरा, अर्धा किलो, जाळीच्या पिशवीत.
- पीएच मीटर आणि मत्स्यालयाच्या दुकानात मिळणारे तीन टेस्ट किट: अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट.

टेस्ट किटचा खर्च टाळू नका. रासायनिक द्रावणात ईसी मीटर (पाणी वीज किती वाहून नेतं त्यावरून क्षार मोजणारा) सगळं सांगतो, इथे तो फसवतो. प्रथिनातलं नत्र वीज वाहून नेत नाही, त्यामुळे ईसी कमी दिसते आणि माणूस आणखी खत ओततो. उलट गोमूत्र किंवा मासळीच्या खतातलं मीठ ईसी वाढवतं, त्यातलं सोडियम झाडाच्या उपयोगाचं नसतं. ईसी मीटर असेल तर तो क्षार साचताहेत का एवढंच पाहण्यासाठी वापरा.

### कोणतं खत घ्यायचं, कोणतं नाही

सोयाबीन डीओसीत सुमारे ७ टक्के नत्र असतं आणि तेल जेमतेम एक टक्का. शेंगदाणा पेंडीतही नत्र तितकंच असतं, पण घाण्याच्या पेंडीत तेल राहतं. त्याची साय पाण्यावर धरते आणि हवा आत शिरू देत नाही. म्हणून डीओसीच बरी. बुरशी आलेली पेंड कोणतीच नको.

निंबोळी आणि करंज पेंड ड्रममध्ये अजिबात टाकू नका. मातीत निंबोळी पेंड नत्र टिकवते असं आपण म्हणतो, ते ती नायट्रेट बनवणाऱ्या जीवाणूंना रोखते म्हणूनच. करंजीतही तोच गुण आहे. शेतात तो गुण उपयोगी पडतो, इथे मात्र आपण त्याच जीवाणूंवर जगणार आहोत. एरंडी पेंड विषारी असते. गच्चीवर पोरं, मांजरं वावरत असतील तर तिला दारातच आणू नका.

जीवामृताबद्दल सर्वाधिक गैरसमज आहे, म्हणून हिशेबच मांडू. ३० अंश तापमानाच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ७.५ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो. म्हणजे २०० लिटरच्या पूर्ण ड्रममध्ये फक्त दीड ग्रॅम. जीवामृतात २०० लिटरला साधारण २ किलो गूळ असतो, म्हणजे २ लिटर जीवामृतात २० ग्रॅम. एक ग्रॅम साखर पूर्ण जिरवायला एक ग्रॅमहून थोडा जास्त ऑक्सिजन लागतो. जीवाणू तो गूळ एका रात्रीत खायला बसले तर पंप कितीही हवा मारो, पाणी गुदमरतं. जमिनीसाठी जीवामृत ठीक आहे. पाण्यात गूळ, काकवी, बेसन काहीही नको.

ताजं शेण आणि गोमूत्रही नको. लेट्यूस आपण कच्चं खातो. शेणातले रोगजंतू पाण्यातून थेट पानावर जाऊ शकतात.

## ३. पाणी

मुंबईचं नळाचं पाणी मृदू असतं आणि कोकणातल्या जांभ्याच्या विहिरींचंही बहुधा तसंच. अशा पाण्यात कॅल्शियम कमी पडतो. मराठवाड्यातल्या, सोलापूर-नगर पट्ट्यातल्या बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड असतं. त्यात कॅल्शियम भरपूर, पण पीएच खाली येतच नाही. अशा पाण्यात अर्धं पावसाचं किंवा आरओचं पाणी मिसळा.

नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो, तो जीवाणू मारायलाच घातलेला असतो. पाणी उघड्या पिंपात २४ तास हवा मारून ठेवा, मगच वापरा. पुढे भर घालतानाही हा नियम मोडू नका. महिनाभर वसवलेला ड्रम एका दिवशी ताज्या नळाच्या पाण्याने धुऊन निघाल्याची तक्रार नेहमी ऐकू येते.

## ४. जीवाणू वसवा

ही पायरी पाच ते सहा आठवड्यांची आहे. तीच गाळली जाते, म्हणून तिच्यावर जास्त वेळ घालवू.

पहिला दिवस. ड्रममध्ये मीडिया टाका, वर १५ सेंमी जागा सोडून पाणी भरा, शिंपल्यांची पिशवी लटकवा, हवा सुरू करा. अर्धा किलो गांडूळखत जाड सुती कापडात बांधून पाण्यात सोडा. ओळखीच्या कोणाचं जुनं, चालू मत्स्यालय असेल तर त्याच्या फिल्टरचा मळका स्पंज या पाण्यात पिळून घ्या. आठवडाभर तरी वाचतो.

दिवस २ ते ८. रोज ८ ग्रॅम डीओसी, मगभर पाण्यात कालवून. आठव्या दिवशी गांडूळखताची पुरचुंडी काढून टाका. या काळात फेस येईल, पाणी गढूळ होईल, पीएच वर जाईल. हे अपेक्षितच आहे. पहिली टोळी कामाला लागली आहे आणि अमोनिया तयार होतो आहे.

> थांबा: अमोनियाचं वाचन लिटरला ८ मिलिग्रॅमवर गेलं, की डीओसी बंद. हवा चालूच. वाचन २ च्या खाली येईपर्यंत काहीही टाकायचं नाही.

तिसरा-चौथा आठवडा. अमोनिया उतरू लागतो, नायट्राइट चढतो. इथे बहुतेकांचा धीर सुटतो, कारण पाणी स्वच्छ दिसू लागलेलं असतं. नायट्राइट मुळांना जाळतो. रोपं अजून लावायची नाहीत. मात्र बी पेरायची हीच वेळ आहे: तीन भाग धुतलेलं कोकोपीट आणि एक भाग चाळलेलं गांडूळखत ट्रेमध्ये भरा, बी टाका, वरून नुसतं पाणी द्या. लेट्यूसचं रोप १८ ते २१ दिवसांत लावण्याजोगं होतं, तोवर ड्रमही तयार होतो.

नायट्राइट उतरू लागला की डीओसी पुन्हा सुरू करा, आता रोज १५ ग्रॅम. पीएचवर लक्ष ठेवा. नायट्रेट तयार होताना आम्ल सुटतं, म्हणून आता तो खाली येऊ लागेल. ड्रममध्ये ७ ते ७.८ हवा. ६ च्या खाली गेला की दुसरी टोळी जवळपास काम थांबवते. शिंपले हळूहळू विरघळून पीएच सांभाळतात. तरीही घसरला तर पोटॅशियम बायकार्बोनेट ५-५ ग्रॅम करून द्या. त्यातून पालाशही मिळतं.

> तपासा, ड्रम तयार आहे का: अमोनिया १ च्या खाली, नायट्राइट ०.५ च्या खाली, नायट्रेट २०० मिलिग्रॅमच्या आसपास, आणि आज टाकलेल्या १५ ग्रॅम डीओसीचा अमोनिया उद्यापर्यंत नाहीसा होतो. चारही जमलं तरच पुढे जा.

नायट्रेट मोजताना दोन चुका होतात. बहुतेक किटचा रंग १०० ते १६० च्या पुढे वाचता येत नाही. तेव्हा एक भाग नमुना आणि चार भाग आरओचं पाणी घेऊन मोजा आणि येईल त्या आकड्याला ५ ने गुणा. दुसरं म्हणजे काही किट नायट्रेट दाखवतात, काही नायट्रेटमधलं नुसतं नत्र. दोन्हींत ४.४ पटीचा फरक आहे, २०० मिलिग्रॅम नायट्रेट म्हणजे ४५ मिलिग्रॅम नत्र. किटच्या कागदावर काय लिहिलंय ते वाचा.

## ५. तराफा-टाकी भरा

हवा दोन तास बंद करून ड्रममधला गाळ बसू द्या. वरचं १०० लिटर पाणी दुहेरी सुती कापडातून गाळून तराफा-टाकीत घ्या, त्यात क्लोरीन गेलेलं १४० लिटर साधं पाणी मिसळा. ड्रममध्ये १०० लिटर पाण्याची भर घाला, हवा लगेच सुरू करा, रोजची १५ ग्रॅम डीओसी चालू ठेवा. हवा दोन तासांहून जास्त बंद ठेवू नका.

डीओसीतून नत्र येतं, थोडं स्फुरद येतं. पालाश मात्र फार कमी येतं, आणि पालेभाजीला ते नत्राइतकंच लागतं. केळीच्या सालींचं पाणी ही कमतरता भरून काढत नाही, वर साखर आणतं. लाकडाच्या राखेत पालाश असतं, पण ती पीएच झपाट्याने चढवते. म्हणून तराफा-टाकीत सुरुवातीलाच:

- पोटॅशियम सल्फेट (०:०:५०) ५८ ग्रॅम, म्हणजे लिटरला सुमारे १०० मिलिग्रॅम पालाश. तीन आठवड्यांनी आणखी ३० ग्रॅम.
- एप्सम सॉल्ट ५० ग्रॅम, मॅग्नेशियमसाठी.
- पाणी मृदू असेल तर जिप्सम १०० ग्रॅम. बादलीत ढवळून, निवळून ओता. जड पाण्यात गरज नाही.
- लोहासाठी ६ टक्क्यांचं ईडीडीएचए चिलेट (लोह पाण्यात विरघळलेलं ठेवणारं संयुग) ८ ग्रॅम, पुढे दर आठवड्याला ४ ग्रॅम. पाणी लालसर होईल, होऊ द्या. ईडीटीए चिलेट स्वस्त पडतं, पण पीएच ६.५ च्या वर ते लोह सोडून देतं, आणि या पद्धतीत पीएच वरच असतो.

चिलेट हे सेंद्रिय नाही. ते टाळायचं ठरवलं तर कोवळी पानं पिवळी पडण्याची तयारी ठेवावी लागेल. आमच्या मते एवढ्या एका बाबतीत सवलत घेणं रोपांच्या हिताचं आहे. पण निर्णय ज्याचा त्याने, माहिती असताना घ्यावा.

## ६. लावणी

रोपं ट्रेमधून काढताना मुळांभोवतीचं सुटं कोकोपीट हलक्या हाताने झटकून टाका. नेट पॉटचा तळ पाण्याला जेमतेम टेकावा, बुडू नये. मुळांच्या वरच्या भागाला हवा लागली पाहिजे. लावणी संध्याकाळी करा.

## ७. रोजचा हिशेब

२०० ग्रॅमचं लेट्यूस आयुष्यात जेमतेम अर्धा ग्रॅम नत्र उचलतं. ४० रोपांचं ३५ दिवसांत सुमारे १८ ग्रॅम, म्हणजे दिवसाला सरासरी अर्धा ग्रॅम. १५ ग्रॅम डीओसीत एक ग्रॅम नत्र असतं. त्यातलं निम्मं गाळात आणि जीवाणूंच्या अंगात राहिलं असं धरलं, तरी झाडांचं भागतं. रोजची गरज आहे ती एवढीच, आणि लोक ओततात किलोने.

पहिले दहा दिवस तराफा-टाकीत काही घालू नका. नंतर रोज एक बादली, १० लिटर, ड्रममधून गाळून टाकीत. टाकीची पातळी उतरली नसेल तर तेवढंच पाणी टाकीतून परत ड्रममध्ये घाला. उतरली असेल, म्हणजे झाडांनी पाणी प्यालं असेल, तर ड्रममध्ये ताजं, क्लोरीन गेलेलं पाणी घाला. शेवटच्या दोन आठवड्यांत १५ ते २० लिटर करा आणि ड्रमचा अमोनिया शून्याजवळ राहत असेल तरच डीओसी २५ ग्रॅमवर न्या.

तराफा-टाकीचा पीएच ६ ते ६.८ ठेवा. मुळं नायट्रेट घेतात तेव्हा तो चढतो. उतरवायला लिंबू, सायट्रिक आम्ल किंवा व्हिनेगर वापरू नका. दुसऱ्या दिवशी जीवाणू ते खाऊन टाकतात, पीएच परत वर, आणि मुळांवर बुळबुळीत थर मागे राहतो. पाण्याचा जडपणा कमी करणं हाच खरा उपाय. अगदी गरज पडली तर पातळ केलेलं फॉस्फोरिक आम्ल थेंबाथेंबाने.

> वीज गेली तर: उन्हाळ्यात ड्रम तीन-चार तासांत वास मारू लागतो. बॅटरीवरचा छोटा एअर पंप जोडून ठेवा. तो नसेल तर दर अर्ध्या तासाने मगाने पाणी उंचावरून ओता, आणि त्या दिवशी डीओसी टाकू नका.

तापमानाकडेही पाहा. २५ अंशांना पाण्यात लिटरमागे ८.२ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३५ ला ६.९. ड्रमवर ओलं गोणपाट आणि सावली हवीच. तराफा-टाकीचं पाणी २८ च्या वर राहत असेल तर मूळकुजीचा धोका वाढतो. एप्रिल-मेमध्ये लेट्यूसचा हट्ट सोडा, माठ किंवा नाळीची भाजी लावा.

## ८. काय बिघडलं ते कसं ओळखायचं

कुजक्या अंड्याचा वास. तळाशी हवा पोचत नाही. डीओसी बंद, तोटीतून गाळ सोडा, एअर स्टोन तळाशी सरकवा. चांगल्या ड्रमला पहिल्या पावसानंतरच्या मातीसारखा वास येतो.

डोळ्यांत चुरचुरणारा वास. अमोनिया साचला आणि पीएच चढला आहे. खाणं थांबवा, चौथा हिस्सा पाणी बदला.

जुनी, खालची पानं फिकट. नत्र कमी. आधी नायट्रेट मोजा. ड्रममध्ये आहे आणि टाकीत नाही, तर बादल्या वाढवा. ड्रममध्येही नाही, तर अमोनिया आणि पीएच पाहा, दुसरी टोळी थकली आहे.

कोवळी पानं पिवळी, शिरा हिरव्या. लोह. पीएच तपासा, मग चिलेट द्या.

जुन्या पानांच्या कडा करपलेल्या. पालाश. कोवळ्या पानांची टोकं करपलेली असतील तर कॅल्शियम कमी किंवा हवा कोंदट. बऱ्याचदा पंखा लावूनच भागतं.

मुळं तपकिरी. बोटांत धरून ओढून पाहा. साल सुटून आत दोरा उरला तर मूळकुज, रोप काढून टाका. साल घट्ट असेल तर तो पेंडीच्या पाण्याचा नुसता डाग आहे, घाबरू नका. या पद्धतीत मुळं क्वचितच पांढरीशुभ्र राहतात.

## ९. काढणी आणि पुढचं पीक

काढताना टाकीचं पाणी पानांना लागू देऊ नका, हात धुऊन घ्या, पानं पिण्याच्या पाण्याने धुवा. विकणार असाल तर पाकिटावर प्रमाणपत्राशिवाय 'सेंद्रिय' लिहू नका. युरोपीय संघात तर हायड्रोपोनिक पिकाला सेंद्रिय म्हणताच येत नाही, खत कोणतंही असो.

तराफा-टाकी रिकामी करून घासा. ड्रम रिकामा करू नका. त्यातला फक्त तळाचा गाळ दर महिन्याला तोटीतून सोडा आणि तो फुलझाडांच्या कुंड्यांना घाला. मीडिया धुवायचं असेल तर ड्रममधल्याच पाण्यात खळबळा, नळाखाली कधीच नाही. दोन पिकांमध्ये खंड पडला तरी दिवसाला ५ ग्रॅम डीओसी आणि हवा चालू ठेवा. मग दुसऱ्या पिकाच्या वेळी सहा आठवडे थांबावं लागत नाही. तीन किट लावून पाहा, आकडे जमले की त्याच संध्याकाळी रोपं लावा.